गल्लीतलं नाटक आणि आपली मुलं

वार्षिक परीक्षा संपल्या की घराघरांतून एकच सूर ऐकू येतो, "आई, कंटाळा आला!" तुमच्याही ओळखीचा आहे ना? भडगाव असो, पाचोरा असो, नाही तर पारोळा. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. मग मुलांनी करायचं काय? टीव्ही, मोबाइल, भावंडांची भांडणं आणि पुन्हा मोबाइल. आपण ओरडतो, हातातून मोबाइल काढून घेतो; पण त्या रिकाम्या हातांत दुसरं काही देतो का?

आज मी तुम्हांला एक जुनाच उपाय सांगणार आहे. नाटक! हसू नका. नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर जत्रेतला तमाशाचा तंबू येतो, नाही तर शाळेचं गॅदरिंग. गॅदरिंगमध्ये वीस मुलं भाड्याचे चकचकीत कपडे घालून सिनेमाच्या गाण्यावर हातपाय हलवतात, आपण फोटो काढतो आणि झालं! त्याला मी नाटक म्हणत नाही. नाटक म्हणजे मुलानं दुसऱ्या कुणाचं तरी मन थोडा वेळ आपल्या अंगात घेऊन पाहणं. सासूचं काम करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला घटकाभर का होईना, सासूच्या बाजूनं विचार करावा लागतो. (आपण तो शेवटचा कधी केला होता, ते आपलं आपण आठवावं!)

आपल्या महाराष्ट्रात मुलांची रंगभूमी कशी उभी राहिली, ही गोष्ट तुम्हां-आम्हां बायकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी अशी आहे. कारण ती एका बाईच्या हट्टातून सुरू झाली. पण त्याआधी थोडं मागं जाऊ, आणि तेही आपल्या जळगावला.

नारायण श्रीपाद राजहंस हे नाव चटकन ओळखू येणार नाही. बालगंधर्व म्हटलं की येईल. 1888 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी जळगावात नातेवाइकांकडे राहत होता. गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यानं मेहबूबखान यांच्याकडे तिथंच घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. 1905 साली नारायणराव किर्लोस्कर मंडळीत गेले आणि 'शाकुंतला'त शकुंतला होऊन उभे राहिले. पुढचं वैभव सगळ्यांना ठाऊक आहे.

पण बालगंधर्व एकच. त्या काळच्या नाटक कंपन्यांतून कितीतरी लहान मुलं असत, त्यांचं काय? कोवळा आवाज आणि कोवळा चेहरा हवा, म्हणून त्यांना ठेवलेलं असे. मिसरूड फुटलं, आवाज फुटला की मुलाची किंमत उतरली. घर सुटलेलं, शाळा सुटलेली. आपल्या आज्या-पणज्या 'नाटकात गेला' हे 'वाया गेला' या अर्थानं म्हणत, त्यात त्यांची काही चूक नव्हती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहिल्या, 1933 साली 'नाट्यमन्वंतर'चं 'आंधळ्यांची शाळा' आलं, तेव्हा कुठं बायकांची कामं बायकांनी करावीत हे हळूहळू लोकांच्या गळी उतरू लागलं.

म्हणजे पाहा, मुलं नाटकात होती, पण नाटक मुलांसाठी नव्हतं.

ते केलं सुधाताई करमरकरांनी. सुधाताई माहेरच्या अमोणकर. जन्म 1934 चा. वडील तात्या अमोणकर नाटकवेडे, त्यामुळे घरातच नाटकाचं वारं. लेक भरतनाट्यम् शिकली, नाटकांतून कामं करू लागली. पुढं ती अमेरिकेला गेली आणि तिथं मुलांसाठी चालणारी नाटकं तिनं नीट अभ्यासून पाहिली. परत आल्यावर 1959 साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधारानं तिनं 'बालरंगभूमी', म्हणजेच 'लिटल थिएटर' सुरू केलं. पहिलं नाटक 'मधुमंजिरी'. लिहिणारा मुलगा अवघ्या विशीतला, नाव रत्नाकर मतकरी. त्यातली चेटकीण स्वतः सुधाताईंनी केली होती. हीच बाई पुढं 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये येसूबाई म्हणून उभी राहिली. येसूबाई आणि चेटकीण, दोन्ही तितक्याच मनापासून!

सुधाताईंचा हट्ट काय होता? मुलांचं नाटक मोठ्यांच्या नाटकाइतकंच देखणं झालं पाहिजे. कपडे, प्रकाश, नाच, जादू, कुठंही 'मुलांचंच तर आहे, चालतंय' असं नाही. आपल्या घरात कसं असतं? पाहुण्यांना नवा कोरा कप, आणि मुलांना कान तुटलेला. सुधाताईंनी मुलांना नवा कोरा कप दिला. ऐकायला साधं वाटतं. पण मूल हा एक पुरता माणूस आहे आणि त्याला चांगलं-वाईट कळतं, असं मानल्याखेरीज ते होत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत सुधाताई गेल्या.

त्याच सुमाराला इतरत्रही हे वारं वाहू लागलं होतं. पुण्यात सई परांजपे मुलांसाठी नाटकं लिहून बसवत होत्या. त्यांचं 'शेपटीचा शाप' कुणाला आठवत असेल. पु. ल. देशपांड्यांनी मुलांसाठी 'वयं मोठं खोटम्' लिहिलं. विजय तेंडुलकर, ज्यांच्या मोठ्यांच्या नाटकांनी एवढी खळबळ उडवली, त्यांनीही 'इथे बाळे मिळतात'सारखी बालनाट्यं लिहिली.

आणि मतकरी! 'मधुमंजिरी' लिहिणाऱ्या त्या तरुणानं 1962 च्या सुमारास 'बालनाट्य' नावाची स्वतःची संस्था काढली. 'स्वतःची' म्हणजे नवरा-बायकोची, कारण सौ. प्रतिभाताई मतकरी तिच्यात पहिल्यापासून होत्या. रत्नाकरराव 1978 पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. दिवसा बँक, संध्याकाळी तालीम, आणि खर्चाला घरचीच पदरमोड. असा संसार कसा चालत असेल, याची कल्पना तुम्ही-मीच करू शकतो. महिनाअखेरीला राक्षसाच्या मुखवट्याचा खर्च निघाला, तर डाळ-तांदळाच्या हिशेबात तो कुठल्या रकान्यात लिहायचा? तरीही पुढं तीसेक वर्षं त्यांनी मुलांची नाटकं केली. 'निम्माशिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही त्यांतली गाजलेली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. तेच नाटक 2018 साली नव्यानं आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला दादरच्या शिवाजी मंदिरात एका दिवसात 5 प्रयोग झाले. लहानपणी ते पाहिलेल्या बायका आता नातवंडांचं बोट धरून त्याच नाटकाला गेल्या.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. गिरणाकाठी बसून आम्हांला त्याचं काय? खरं आहे. भडगावहून जळगाव पाचोऱ्यामार्गे साठेक किलोमीटर, आणि तिथं एखादं बालनाट्य आलं तरी दोन मुलं घेऊन जाण्यायेण्याचा खर्च आणि रात्रीचं परतणं कुणाला जमतं?

पण आपल्या भागात नाटक दुसऱ्या वाटेनं आलं होतं, हे विसरू नका. राष्ट्र सेवा दल 1941 साली नव्यानं उभं राहिलं. साने गुरुजींमुळे अमळनेर आणि सगळाच खानदेश त्या विचाराशी बांधलेला. सेवा दलाचं कलापथक गावोगावी फिरे. वसंत बापटांसारखे कवी त्यासाठी लिहीत. निळू फुले त्याच कलापथकात तयार झाले. सुधाताई वर्द्यांसारख्या मुली त्यात मुलांच्या बरोबरीनं नाचत, गात, फिरत. शाळेच्या पटांगणात टेबलं जोडून केलेला रंगमंच, एखादी गॅसबत्ती, आणि समोर सतरंजीवर बसलेलं गाव. चांगल्या घरच्या मुली सगळ्यांदेखत नाटकात उतरतात आणि आभाळ कोसळत नाही, हे लहान गावांनी तिथं पहिल्यांदा पाहिलं. 1954 पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, आणि जिल्ह्याच्या गावातले मास्तर, कारकून, वकील वर्षातून एकदा तोंडाला रंग लावू लागले. हौशी रंगभूमी म्हणतात ती हीच. मात्र तिथं कामं मोठ्यांची. मुलं गोष्टीत लागलीच, तर तेवढ्यापुरती.

मुलांच्या नाटकातून राजा-राणी, परी, राक्षस हद्दपार करण्याचं काम पुण्यात झालं. 1986 साली डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या 'ग्रिप्स' नाट्यगृहाची पद्धत थिएटर अॅकॅडमीत आणली. पहिलं नाटक 'छान छोटे वाईट्ट मोठे', मराठी रूप श्रीरंग गोडबोल्यांचं. या नाटकांत मोठी माणसं मुलांची कामं करतात, आणि विषय असतात मुलांच्या रोजच्या जगण्यातले: आईबाप भांडतात तेव्हा मुलाला काय वाटतं, मोठ्यांची दादागिरी, मुलगा-मुलगी भेद. गंमत भरपूर, गाणी भरपूर. पण घरी आल्यावर मूल असा एखादा प्रश्न विचारतं की आपल्या हातातलं लाटणं थांबतं. पुष्कळ पालकांना ही नाटकं टोचली. मला वाटतं, टोचायलाच हवी होती.

आता मी ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगायला घेतली तिथं येते. ठाण्याला 2014 साली 'वंचितांचा रंगमंच' सुरू झाला. कल्पना पुन्हा मतकरींची. तेव्हा ते पंचाहत्तरीत होते! त्यांच्यासोबत ठाण्याची समता विचार प्रसारक संस्था होती, जी वस्त्यांमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी आधीपासून काम करत होती. मतकरींनी आयुष्यभर मुलांसाठी नाटकं लिहिली, बसवली. आता त्यांनी एक साधी पण अवघड गोष्ट केली: लेखणी मुलांच्या हातात दिली. तुमच्या वस्तीत, तुमच्या घरात जे घडतं त्याचं नाटक तुम्हीच करा. तयार संहिता कुणी देणार नाही. शिकवायला, दाखवायला नाटकातली जाणती माणसं येतील, पण गोष्ट तुमची, शब्द तुमचे.

वेगवेगळ्या वस्त्यांतले मुलामुलींचे गट तयार झाले. त्यांनी आपापल्या नाटिका रचल्या आणि त्या 'नाट्यजल्लोष' नावाच्या कार्यक्रमात एकत्र सादर केल्या. तो जल्लोष मग वर्षावर्षाला होऊ लागला. 2020 च्या मे महिन्यात करोनानं मतकरी गेले. पण प्रतिभाताई आणि त्यांच्या कन्या सुप्रिया विनोद यांच्यासारखी माणसं पाठीशी राहिली आणि मुलांनी ते पुढं चालू ठेवलं.

विचार करून पाहा. ज्या मुलाला शाळेत मागच्या बाकावर बसवतात, ज्याच्या बापाचं नाव घेऊन वस्तीत टिंगल होते, तो मुलगा दिव्यांच्या उजेडात उभा राहून आपलीच गोष्ट सांगतो आणि लोक गप्प बसून ऐकतात. स्पर्धेत बक्षीस मिळवण्यापेक्षा ही वेगळी गोष्ट आहे.

बालगंधर्वांच्या काळी मुलांनी मोठ्यांसाठी नाटक केलं. सुधाताईंनी मोठ्यांकडून मुलांसाठी करवून घेतलं. ठाण्याच्या मुलांनी स्वतःचं स्वतः केलं. या तिसऱ्या प्रकाराला नाट्यगृह लागत नाही, मोठं शहर लागत नाही. म्हणूनच तो भडगावला परवडण्यासारखा आहे.

आपल्या खानदेशात अगदीच काही नाही असं नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा, म्हणजे आताच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतली मुलंमुली त्यात मूकनाट्य, प्रहसन, नाटुकली करतात. जळगावात 'परिवर्तन'सारखी संस्था आहे. श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून त्यांनी केलेलं 'नली' हे एकपात्री नाटक जिल्ह्याबाहेरही नावाजलं गेलं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते आणि जळगाव तिचं केंद्र राहिलेलं आहे. बालरंगभूमी परिषदेच्याही जिल्ह्याजिल्ह्यांतून शाखा आहेत. म्हणजे लहानपणी शाळेचं गॅदरिंग आहे आणि अठराव्या वर्षी युवारंग आहे. मधली जी बारा ते सतरा ही वर्षं, ज्या वयात मूल सगळ्यांत जास्त घुमं होतं, तिथं मात्र तालुक्याच्या गावात काही नाही. क्लास आहे, दहावीचा क्लास, त्याच्याआधी नववीचा, आणि आता तर आठवीचासुद्धा.

आणि मुलींचं काय होतं ते तुम्हांला मी सांगायला नको. सहावीपर्यंत जी मुलगी वर्गात सगळ्यांच्या नकला करते, ती वयात आली की आपणच तिला म्हणतो, "पुरे आता. लोक काय म्हणतील?" बाप म्हणत नाही हो पुष्कळदा, आपणच म्हणतो! कारण बोलणं आपल्यालाच खावं लागतं, हेही खरं. मी त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. पण एक आकडा पाहा. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 100 मागे जवळजवळ 22 जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. नाटकानं ते थांबेल, असं मी म्हणणार नाही. नाटक म्हणजे काही जडीबुटी नव्हे. पण दोनशे माणसांसमोर ज्या मुलीचा आवाज एकदा निघाला, तिला स्वतःच्या घरातल्या चार माणसांसमोर "मला अजून शिकायचंय" एवढं वाक्य उच्चारणं थोडं तरी सोपं जाईल की नाही? बारा-तेराव्या वर्षी तिला रंगमंचावरून खाली उतरवताना एवढं ध्यानात घ्या.

बरं, आता कामाचं बोलू. सुरुवात कशी करायची?

गल्लीतल्या चार जणी एकत्र या. दहा ते पंधरा मुलं पुरेत. जास्त झाली तर सांभाळता येत नाहीत. वय नऊपासून पंधरापर्यंत चालेल, मोठी धाकट्यांना घेतात. जागा म्हणजे शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, नाही तर लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी मंगल कार्यालय. वेळ मात्र सकाळी सात ते नऊ. आपल्या उन्हाळ्यात दुपारची तालीम म्हणजे मुलांना ताप आणून देणं. माठ आणि गूळपाणी हाताशी ठेवा. नाश्त्याचे वार वाटून घ्या: आज हिच्याकडचे पोहे, उद्या तिच्याकडचे मुरमुरे. एकटीवर भार आला की चौथ्या दिवशी मंडळ बंद पडतं, हा सगळ्याच मंडळांचा अनुभव.

पहिला आठवडा नाटकाचं नावही काढू नका, नुसते खेळ घ्या. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकानं हात-तोंड हलवायचं आणि दुसऱ्यानं आरसा व्हायचं. मग भांडण, पण शब्द न वापरता, नुसत्या आकड्यांनी: "सत्तावीस?" "अठ्ठावीस!" "एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस!" हसून हसून मुलांची मुरकुंडी वळते, आणि बुजरं मूल कधी मोकळं झालं ते त्यालाही कळत नाही. हे खेळ नाटकवाली मंडळी खरोखर करतात बरं का, मी मनचे सांगत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना विचारा, आपल्या गावात अशी कोणती गोष्ट आहे की जी मोठ्यांना कळत नाही? मग ऐका. मध्ये बोलू नका. (हे फार कठीण आहे.) नळाला दोन दिवसांआड येणारं पाणी, केळीच्या भावाची घरातली कटकट, कजगाव स्टेशनवर सोडायला गेलेला आणि परत न आलेला मोठा भाऊ, गणितात नापास झाल्यावर लपवलेलं प्रगतिपुस्तक, काय निघेल सांगता येत नाही. त्यातली एक गोष्ट मुलांनीच निवडावी. आपण फक्त लिहून घ्यावी.

आणि अहिराणीत होऊ द्या! शाळेत मुलांना सारखं 'शुद्ध बोल, शुद्ध बोल' ऐकावं लागतं, त्यामुळे निम्मी मुलं तोंडच उघडत नाहीत. घरच्या बोलीत संवाद आले की तीच मुलं अशी फाडफाड बोलतात की आपण पाहत राहतो. बहिणाबाई आपल्या खानदेशातल्याच ना? घरच्या बोलीनं त्यांचं काही अडलं नाही, मग आपल्या मुलांचं का अडावं?

तयार छापील नाटकच करायचं असेल, तर लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची रीतसर परवानगी घ्या. ती पुस्तकावरच्या पत्त्यावर पत्र लिहून मागता येते. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचीही आधी चौकशी करा. ऐन वेळी धावपळ होते ती यातच.

कपडे भाड्यानं आणू नका. जुन्या साडीच्या जरीच्या काठात राजा, राणी, दरोडेखोर सगळे निघतात. पंचाचं धोतर, उशीच्या अभ्र्याचा फेटा, आजोबांचा जुना कोट. मुकुट वह्यांच्या पुठ्ठ्यांचा करा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. पूर्वीच्या बायका खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तो विषारी असतो, मुलांच्या हातात जाणार, तेव्हा घालू नका. लागेल तेवढीच ताजी खळ शिजवा. तोंडाला रंग लावण्याआधी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा, म्हणजे रंग नंतर चटकन निघतो. नवा रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली तर तो वापरू नये. दाढी-मिशीला काजळ पुरतं. रंग काढताना साबण चोळू नका. आधी तेल आणि कापूस, मग डाळीचं पीठ.

कामं वाटताना मुलगा-मुलगी पाहू नका. झाडून घेणं, पडदा ओढणं, कपड्यांना टाके घालणं मुलग्यांनाही द्या. विजेचं काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या, मुलांना हात लावू देऊ नका. नवरोबांचा विरोध असेल तर वाद घालू नका. त्यांच्याकडे हिशेबाची वही आणि माइकची जबाबदारी सोपवा. आठ दिवसांत तेच लोकांना नाटकाचं महत्त्व पटवून देताना दिसतील.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. तालमीला शिकवायला बाहेरून कुणी येणार असेल, तर ते कितीही नामांकित असोत, आपल्यापैकी दोघी जणी तिथं रोज हजर हव्यात. कपडे बदलायची मुलींची जागा वेगळी आणि दार लागणारी हवी. मुलांचे फोटो, चित्रफिती आईबापांना विचारल्याशिवाय कुणीही मोबाइलवरून इकडंतिकडं पाठवू नयेत.

आणि आईनं आईच राहावं. माझ्या मुलीलाच मुख्य काम का नाही, हिला चार वाक्यं आणि तिला चौदा का, असं म्हणत तालमीत भांडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. काहींना तर मूल उद्याच मालिकेत दिसायला हवं असतं. ही हौस मुलाची नसते, आपली असते. प्रयोगाच्या वेळी पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत संवाद पुरवू नका. मूल विसरलं तर दुसरं मूल सांभाळून घेतं, ते शिकण्यासाठीच तर हा खटाटोप.

पहिला प्रयोग कधी ठेवायचा? परीक्षा लवकर आटोपल्या असतील आणि आखाजी उशिरा येत असेल, तर आखाजीच्या आदल्या संध्याकाळसारखी दुसरी वेळ नाही. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, प्रेक्षकांना तोटा नाही. नाही जमलं तर गणपतीत करा. सतरंज्या मात्र महिनाभर आधी सांगून ठेवा. आखाजीला लग्नांची दाटी असते आणि मंडपवाल्याकडं त्या दिवशी एकही शिल्लक राहत नाही.